जड, चेतन आणि नऊ इंचांची फट

प्रश्न (दादरची मांडणी)

नमस्कार. मी इंटिरिअर डिझायनर आहे आणि दादरला एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. गेली दोन-तीन वर्षे माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक ग्राहक पहिल्याच भेटीत ‘आम्हाला मिनिमलिस्ट घर हवे आहे’ असे सांगतो. त्याचा अर्थ बहुतेक वेळा पांढऱ्या भिंती, हँडल नसलेली कपाटे आणि देवघर कुठे दडवायचे याची काळजी, एवढाच निघतो. हा शब्द आला कुठून, याचा माग काढता काढता मी अमेरिकी शिल्पकार डोनाल्ड जड (१९२८–१९९४) यांच्यापाशी येऊन थांबले. ज्यांना सगळे जग मिनिमलिझमचे (कमीत कमी, साध्या आकारांत काम करण्याच्या कलाप्रवाहाचे) अध्वर्यू म्हणते त्यांना स्वतःला हे बिरुद मुळीच आवडत नव्हते, हे वाचून मला गंमत वाटली आणि थोडा दिलासाही मिळाला.

जड यांची भिंतीवर लावायची ‘स्टॅक’ या प्रकारची कामे अनेकांनी छायाचित्रांत पाहिली असतील. त्यांत एकसारखे खोके एकावर एक, पण एकमेकांना न टेकता, खालपासून वरपर्यंत भिंतीला लावलेले असतात. (खोका म्हटले की अलीकडे आपल्या राज्यात लोकांना भलतेच आठवते, इथे केवळ पत्र्याचा खोका अभिप्रेत आहे.) त्यांच्या मोठ्या मापातल्या स्टॅकमध्ये प्रत्येक खोका ९ इंच उंच, ४० इंच रुंद आणि भिंतीपासून ३१ इंच पुढे आलेला असतो, आणि दोन खोक्यांमधली मोकळी जागाही बरोबर ९ इंचांची असते. असे दहा खोके लावायचे तर जमिनीलगतची फट धरून १८० इंच, म्हणजे १५ फूट उंची लागते. माझ्या बैठकीच्या खोलीची उंची साडेनऊ फूट आहे, त्यामुळे हिशेबाने सहाच बसतात. छत बुटके असेल तर खोके कमी करण्याची मुभा खुद्द जड यांनी ठेवली होती, म्हणून मी फारसे मनाला लावून न घेता सुताराकडून १९ मिलिमीटरच्या प्लायवूडचे सहा बंद खोके करून घेतले. खोक्यांची खोली मात्र ३१ इंचांऐवजी १४ इंच ठेवली, कारण नाहीतर घरात माणसांनी चालायचे कुठून, हा प्रश्न उभा राहिला असता.

सासऱ्यांनी ते पाहून ‘नाव जड आणि काम पोकळ’ असा शेरा मारला आणि सर्वांत खालच्या खोक्यावर वर्तमानपत्रांची रद्दी ठेवायला सुरुवात केली. मला खरा धक्का मात्र आमच्या मनीने दिला. तिने पहिला दिवस नुसता वास घेण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या आणि तिसऱ्या खोक्यामधल्या फटीत ती जी आडवी झाली, ती आता केवळ जेवणापुरती खाली उतरते. येणारे पाहुणे खोक्यांकडे बघतात. मनी मात्र ज्या जागेत काहीच नाही तीच जागा आपली मानते.

आता माझा प्रश्न विचारते. जड यांना जाऊन तीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. त्यांचा वारसा म्हणून नेमके काय उरले आहे? माझे ग्राहक मागतात ती रिकामी, पांढरी खोली हाच तो वारसा आहे का? आणि माझ्या भिंतीवर जे आहे त्याला जड यांच्या कामाची नक्कल म्हणायचे, शेल्फ म्हणायचे, की मांजरीची बर्थ?

उत्तर (कुर्ल्याचा पत्रेवाला)

ताई, मी कलेच्या क्षेत्रातला नाही. कुर्ल्याला आमचा पत्र्याचा कारखाना आहे आणि वडिलांच्या काळापासून आम्ही डक्ट, केबल ट्रे आणि इलेक्ट्रिक पॅनेलचे डबे करतो. आपला प्रश्न वाचून मी या गृहस्थांची माहिती काढली, आणि पहिलीच गोष्ट माझ्या धंद्यातली निघाली. १९६४ पासून जड यांनी आपली कामे स्वतःच्या हाताने करणे जवळजवळ सोडले आणि न्यूयॉर्कमधल्या बर्नस्टीन ब्रदर्स या पत्र्याचे काम करणाऱ्या कारखान्याकडून ती करून घेतली. गॅल्वनाइज्ड पत्रा, पितळ, स्टेनलेस, ॲल्युमिनियम आणि रंगीत ॲक्रिलिक, म्हणजे आमच्याकडे रोज येणाराच माल. लोकांना यात फसवणूक वाटते, पण मला त्यात कारागिराची खरी परीक्षा दिसते, ती कशी ते सांगतो.

साधा चौकोनी खोका करणे हे आमच्या धंद्यातले सर्वांत अवघड काम आहे. नक्षी असेल तर चूक नक्षीत लपते, रंग असेल तर पुट्टीखाली लपते. उघड्या धातूच्या खोक्यात मात्र लपायला जागाच नसते. पत्रा वाकवला की कोपऱ्याला बारीक गोलावा येतो, वेल्डिंगच्या उष्णतेने सपाट बाजू ताणली जाऊन तिला पोट येते, आणि एक बाजू एका सुताने, म्हणजे इंचाच्या आठव्या भागानेही तिरकी गेली तर गुण्या (काटकोन तपासायचे अवजार) लावताच चोरी पकडली जाते. असे दहा खोके एका ओळंब्यात, सारख्या अंतरावर भिंतीला लावायचे म्हटले, तर खोक्यापेक्षा मधली फट सांभाळणे कठीण जाते, कारण प्रत्येक खोक्यातली थोडी थोडी चूक शेवटच्या फटीत येऊन साचते.

एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका आर्किटेक्टसाठी पॉलिश न केलेल्या पितळेचा, साधारण बाकाएवढा खोका केला होता. चढवताना एका पोऱ्याने हातमोजे न घालता कोपरा धरला. त्या दिवशी काहीच दिसले नाही. पावसाळा सरता सरता मात्र पाचही बोटे, अंगठ्याच्या रेषांसकट, काळी होऊन वर आली आणि काही केल्या जाईनात. अख्खी बाजू पुन्हा घासावी लागली आणि त्याचा खर्च अर्थातच आमच्या अंगावर पडला. जड यांच्या धातूच्या कामांना हात लावू देत नाहीत यात मला कसलाच नखरा वाटत नाही. आपली मनी प्लायवूडवर बसते हे आपले नशीब समजा. मांजराला घाम पंजांच्या गाद्यांतूनच येतो.

उत्तर (फोर्टातला जुना विद्यार्थी)

आपला प्रश्न वाचून आनंद झाला. मी अनेक वर्षे कलेचा इतिहास शिकवला आहे, तेव्हा उत्तर थोडे लांबले तर क्षमा असावी.

मराठीत या माणसाच्या आडनावानेच एक कोडे घातले आहे. आपल्याकडे ‘जड’ म्हणजे वजनदार, आणि जड म्हणजे चेतनाच्या विरुद्ध असलेले निव्वळ द्रव्यही. दुसरा अर्थ त्यांना शोभतो. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला होता, आणि वस्तूने स्वतःखेरीज दुसऱ्या कशाचीही गोष्ट सांगू नये, ती देव, राजा, दुःख किंवा क्रांती यांचे चिन्ह होऊ नये, हा त्यांचा आग्रह होता. म्हणून त्यांच्या बहुतेक कामांना नावच नाही. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्पेसिफिक ऑब्जेक्ट्स’ या निबंधाची सुरुवातच त्यांनी अशी केली की, गेल्या काही वर्षांतल्या उत्तम नव्या कामांपैकी निम्मे किंवा त्याहून अधिक काम ना चित्र आहे, ना शिल्प. तेव्हा त्यांना शिल्पकार म्हणणेही काटेकोरपणे बरोबर नाही. आपण सोयीसाठी म्हणतो. पहिला अर्थ, म्हणजे वजन, त्यांना बिलकूल लागू पडत नाही. त्यांचे खोके पोकळ असतात आणि ते पोकळ आहेत हे ते लपवत नाहीत. आपल्या सासऱ्यांनी टोमणा म्हणून जे म्हटले, ते एका चांगल्या समीक्षकाचे वाक्य आहे.

वारशाचा विचार मात्र न्यूयॉर्कच्या दालनांत करून भागणार नाही. त्यासाठी टेक्ससच्या वाळवंटातल्या मार्फा या गावी जावे लागते. १९६८ मध्ये जड यांनी न्यूयॉर्कमध्ये स्प्रिंग स्ट्रीटवरची १८७० सालची, ओतीव लोखंडाची पाच मजली इमारत विकत घेतली. झोपण्याचा मजला, जेवणाचा मजला, कामाचा मजला अशी विभागणी करून तिथे त्यांनी स्वतःची आणि मित्रांची कामे एकदाच मांडली आणि मग जागची हलवली नाहीत. प्रदर्शनासाठी काम गाडीत घालायचे, महिनाभर टांगायचे आणि ओरखडे घेऊन परत आणायचे, याचा त्यांना मनस्वी कंटाळा आला होता. १९७०च्या दशकात ते मार्फाला गेले, आणि तिथल्या जुन्या लष्करी तळावर त्यांनी उभारलेली चिनाती फाउंडेशन ही संस्था १९८६ मध्ये लोकांसाठी खुली झाली. तोफा ठेवण्याच्या दोन प्रचंड शेड तिथे आहेत. जड यांनी त्यांचे गॅरेजसारखे दरवाजे काढून त्या जागी चौभागी काचेच्या मोठ्या खिडक्या बसवल्या, गळणाऱ्या सपाट छतावर पन्हळी पत्र्याचे अर्धगोल छप्पर चढवले आणि आत ॲल्युमिनियमचे १०० खोके ठेवले. प्रत्येकाचे बाहेरचे माप तेच, ४१ × ५१ × ७२ इंच. आतली रचना मात्र प्रत्येकाची वेगळी. कुठे मध्ये तिरका पडदा, कुठे वरची बाजूच नाही, कुठे दोन भिंतींमध्ये केवळ बोटभर अंतर. ऊन सरकते तसे काही खोके काचेसारखे पारदर्शक भासतात आणि काही आभाळ पिऊन निळे होतात. दुसऱ्या महायुद्धात तिथे जर्मन युद्धकैदी होते. विटांच्या भिंतीवर त्या काळची जर्मन सूचना अजून तशीच आहे, डोके गमावण्यापेक्षा ते वापरलेले बरे, अशा अर्थाची. जड यांनी ती पुसली नाही. बाहेर माळावर, सुमारे एक किलोमीटर लांबीच्या रेषेत, काँक्रीटच्या १५ रचना आहेत. त्यांतला प्रत्येक खोका अडीच मीटर उंच, अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब आहे.

हे सगळे कशासाठी, तर त्यांची भूमिका अशी होती की, टेपवर विश्वास ठेवता यावा म्हणून जसा कुठेतरी प्लॅटिनम-इरिडियमचा मूळ मीटर जपून ठेवलेला असतो, तशी या काळाच्या कलेचीही एक कठोर मोजपट्टी कुठेतरी कायमची, एका जागी असली पाहिजे. माझ्या मते जड यांचा वारसा हा आहे. काम कुठे आहे, किती उजेडात आहे आणि ते तिथे राहणार आहे की नाही, या गोष्टी कामाच्या बाहेरच्या नसून कामाचाच भाग आहेत, हे त्यांनी स्वतःच्या हयातीत, स्वतःच्या खर्चाने आणि भांडणाने करून दाखवले.

मुंबईकरांना हे समजायला अवघड जाऊ नये. काळा घोडा हा परिसर आपण रोज ज्या नावाने ओळखतो, ते नाव ज्या पुतळ्यावरून पडले तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्येच तिथून हलवला गेला आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. मधली पन्नासहून अधिक वर्षे, म्हणजे २०१७ मध्ये तिथे स्वाराशिवायचा नवा घोडा येईपर्यंत, आपण नसलेल्या शिल्पाच्या नावाने पत्ता सांगत होतो. त्याच्या उलट घारापुरीचे लेणे पाहा. तिथले शिल्प हलवताच येत नाही, कारण ते डोंगराचाच भाग आहे, आणि तीन बाजूंनी येणाऱ्या उजेडावर त्याचे सगळे चालते. दुपारी बारा वाजता पाहिलेला सदाशिव आणि शेवटची लाँच सुटण्याच्या सुमारास पाहिलेला सदाशिव हे एकच शिल्प आहे यावर विश्वास बसत नाही. प्रतिमा कोरणाऱ्यांशी जड यांचे जमले नसते, पण जागेच्या बाबतीत त्यांनी घारापुरीच्या कारागिरांपुढे नक्की मान तुकवली असती.

पांढऱ्या भिंतींबद्दल एकच सांगतो. जड यांची घरे रिकामी नव्हती. त्यांत हजारो पुस्तके होती, अवजारे होती, स्वयंपाकाची भांडी उघड्यावर मांडलेली होती. लपवण्याचाच त्यांना तिटकारा होता. आपल्या ग्राहकांना हँडल नसलेली कपाटे हवी असतील तर अवश्य द्या, पण त्याचे पाप जड यांच्या माथी मारू नका.

उत्तर (माहीमचा आडमुठा)

सरांचे विवेचन सुंदर आहे, पण मला यातली एक गोष्ट खटकते. जागेचा एवढा सोवळेपणा पाळायला आधी जागा लागते. चिनातीचा परिसर ३४० एकर आहे. आमच्या चाळीत १८० चौरस फुटांत पाच माणसे आणि एक बोका राहत होतो; तिथे रिकाम्या जागेचे कौतुक करणारा माणूस आम्हाला परग्रहावरचा वाटला असता. शिवाय ते ‘स्वतःच्या खर्चाने’ पूर्ण खरे नाही. सुरुवातीचा मोठा पैसा डाया आर्ट फाउंडेशनचा होता आणि त्यामागे तेलधंद्यातली श्रीमंती होती. १९८०च्या दशकात तेलाचे भाव घसरले, डायाचा हात आखडला आणि जड यांनी कोर्टाची भाषा सुरू केली, तेव्हा कुठे चिनाती वेगळी झाली. आज तेच लहानसे गाव छायाचित्रे काढायला येणाऱ्यांचे तीर्थक्षेत्र झाले आहे, आणि अशा गावात घरांच्या किमतींचे काय होते ते लालबाग-परळच्या माणसाला सांगायला नको.

नकलेचा मुद्दाही सोपा नाही. इटलीतले संग्राहक ज्युसेप्पे पांझा यांनी जड यांच्याकडून कामे आराखड्यांच्या रूपात विकत घेतली होती. पुढे त्यांतली काही त्यांनी जड यांच्या देखरेखीशिवाय करून घेतली. जड इतके संतापले की १९९० मध्ये त्यांनी यावर प्रदीर्घ लेख लिहिला आणि ती कामे आपली मानायला नकार दिला. माप तेच, पत्रा तोच, तरी नाही! मग पत्रेवाले दादा म्हणतात तसे हात कारागिराचाच असेल, तर एक खोका खरा आणि दुसरा खोटा कोणत्या न्यायाने? त्यांच्या पश्चातही हे थांबलेले नाही. एका प्रसिद्ध व्यक्तीच्या कार्यालयातली टेबले जड यांची म्हणून दाखवली गेली, तेव्हा २०२४ मध्ये जड फाउंडेशन न्यायालयात गेले. साधेपणाची राखण करायला इतके वकील लागतात, हाही वारसाच म्हणायचा.

दादरच्या ताई, आपले सहा खोके जड यांच्या लेखी निश्चितच बनावट ठरले असते. रद्दी ठेवल्यामुळे ते फर्निचर झाले असते, आणि फर्निचर व कला यांची गल्लत त्यांना खपत नसे. राहिली मनी. ती कोणाचीच परवानगी घेत नाही, हे मला सर्वांत आवडले.

उत्तर (रात्रपाळीची मांजरवाली)

मला कलेतले कळत नाही, पण मांजरांचे कळते, आणि इथे मनीकडे दुर्लक्ष होते आहे असे वाटल्याने लिहिते.

मांजर खोक्यात का बसते याचे साधे उत्तर आडोसा हे आहे. नेदरलँड्समध्ये निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांवर एक अभ्यास झाला होता, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मांजरांना लपायला खोका दिला ती बाकीच्यांपेक्षा लवकर सावरली. पण या चर्चेशी जास्त जवळचा प्रयोग २०२१ मधला आहे. त्यात लोकांना आपापल्या घरी जमिनीवर कागदी आकार चिकटवायला सांगितले होते. एका ठिकाणी खराखुरा चौकोन, दुसऱ्या ठिकाणी चार कोपऱ्यांवर तुकडा कापलेली चार वर्तुळे, अशी ठेवलेली की मध्ये नसलेला चौकोन डोळ्यांना दिसावा, आणि तिसऱ्या ठिकाणी तीच वर्तुळे उलटी फिरवलेली, म्हणजे चौकोनाचा भास मोडावा. तीस मांजरांनी प्रयोग शेवटपर्यंत पार पाडला आणि त्यांतल्या नऊ एखाद्या आकारात जाऊन बसल्या (उरलेल्या एकवीस जणींनी मांजराच्या जातीला साजेसे वर्तन केले). बसणाऱ्यांनी भासमान चौकोनाला जवळजवळ खऱ्या चौकोनाइतकाच मान दिला, आणि उलट्या वर्तुळांकडे फारसे लक्ष दिले नाही. नमुना लहान आहे, हे मान्य.

म्हणजे कडा नुसत्या सुचवल्या तरी मधली जागा मांजराला खरी वाटते. सरांनी सांगितलेल्या काँक्रीटच्या खोक्यांसमोर उभे राहून माणसाला हेच जाणवत असेल, तर मनीला मार्फाला नेण्याची गरज नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर (दादरची मांडणी)

सर्वांचे मनापासून आभार. माहीमच्या काकांचा १८० चौरस फुटांचा मुद्दा मला लागला, कारण माझे बालपणही तसल्याच खोलीत गेले आहे; पण आमच्या आईने त्या खोलीत खिडकीखालची दोन फूट जागा कधीच कशाने भरू दिली नव्हती, हेही मला तो मुद्दा वाचतानाच आठवले. तिथे ती संध्याकाळी बसत असे.

सरांचे वाचून काल उन्हाची वेळ पाहिली. माझी भिंत पश्चिमेच्या खिडकीला काटकोनात आहे, आणि साडेचार ते सव्वापाच या वेळात ऊन फटींतून आडवे जाते. खोक्यांच्या कडा तेव्हा जवळजवळ दिसेनाशा होतात आणि दिसतात त्या उजेडाच्या सहा पट्ट्या, त्यांतल्या एकीत मांजर. मी हे खोके तीन महिने पाहते आहे आणि आजवर ही वेळ मी नेहमी कामावर घालवली होती. सासऱ्यांनाही बोलावून दाखवले. ते काही बोलले नाहीत, पण रद्दी आता स्वयंपाकघरातल्या माळ्यावर गेली आहे.

पत्रेवाल्या दादांचे वाचून टेपही लावला. पाच फटी बरोबर नऊ इंच भरल्या; सर्वांत वरची नऊ इंच आणि तीन सूत निघाली. आपण म्हणालात तशी सगळी चूक शेवटी तिथेच जाऊन साचली आहे. आता हे सहाही खोके ॲल्युमिनियममध्ये करून हवे आहेत. नक्कल आहे हे मान्य करूनच करायचे आहे, त्यामुळे कोणाचे नाव लावायचे नाही. मापे पाठवली आहेत. ॲनोडायझिंगचा संरक्षक थर नको, मिल फिनिशच, म्हणजे पत्रा येतो तसाच हवा. दुसऱ्या खोक्याच्या वरच्या बाजूवर पंजांचे ठसे उठतील, याची मला कल्पना आहे.

उत्तर (कुर्ल्याचा पत्रेवाला)

मापे मिळाली. पाच खोक्यांना दीड मिलिमीटरचा पत्रा पुरेल. दुसऱ्याला दोनचा लावावा लागेल, नाहीतर बसून बसून वरच्या बाजूला पोट येण्याऐवजी खड्डा पडेल, आणि भिंतीतले ब्रॅकेटही त्याच हिशेबाने घ्यावे लागतील. तेव्हा ऑर्डर पक्की करण्याआधी मनी किती जड आहे, तेवढे कळवा.